वारणाकाठचे दप्तर आणि यंत्राची स्मृती

आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो, तो १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व १९६० साली त्याचे नामांतर झाले. वाळवे आणि शिराळा या तालुक्यांतील त्यापूर्वीच्या कागदांवर त्यामुळे जिल्हा म्हणून साताऱ्याचेच नाव आढळते. कुळकर्ण्याच्या दप्तराची तेथील जुनी परंपरा साखर कारखान्यांच्या उदयाबरोबर निराळ्या मार्गाला लागली, कारण शेतकऱ्याच्या सालाचा हिशेब सारा आणि थकबाकी यांवर न थांबता लागण, नोंद, तोड, वजन आणि बिल यांपर्यंत विस्तारला.

हा हिशेब संगणकाच्या स्वाधीन करण्याचा मोठा प्रयोग १९९८ साली वारणेच्या खोऱ्यात सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी संस्था, राज्य सरकार आणि केंद्राचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात गोवली.

त्या पिढीची यंत्रे जुनी होऊन कुरकुरू लागली, म्हणजे ‘रॅम वाढवा’ हा सल्ला सर्वत्र मिळे. तो मात्र निरपवाद नव्हता, हे पुष्कळांच्या गावीही नसे. त्या सुमारास पेंटियम यंत्रांत सर्रास आढळणारा इंटेलचा ४३०टीएक्स हा चिपसेट २५६ एमबीपर्यंत स्मृती सामावून घेई खरा, परंतु प्रोसेसरच्या निकट असलेली कॅशे ही शीघ्र स्मृती त्यांपैकी पहिल्या ६४ एमबीचीच दखल घेई. आणि विंडोज ९८ स्मृतीचा विनियोग वरच्या टोकापासून करीत असल्याने, औदार्याने १२८ एमबी बसविणाऱ्या मालकाचे यंत्र, सूचीबाहेरचे रुमाल धुंडाळीत बसणाऱ्या कारकुनाप्रमाणे, पूर्वीपेक्षाही मंद चाले. त्याहून जुन्या, ७२ पिनांच्या पट्ट्यांच्या यंत्रांत तर पट्ट्या जोडीनेच बसवाव्या लागत, कारण पेंटियमचा डेटा मार्ग ६४ बिटांचा आणि पट्टी ३२ बिटांची; एकटी पट्टी आणणाऱ्याला दुकानाची दुसरी खेप चुकत नसे.

तेव्हा अशा यंत्रास किती स्मृती द्यावी, याचा निर्णय रिकाम्या खाचांकडे पाहून नव्हे, तर कामाकडे पाहून करणे इष्ट होते. उसाच्या नोंदवहीपुरते काम असेल तर ३२ एमबी चालून जाई आणि ६४ एमबी ही उत्तम मर्यादा. त्याहून अधिक स्मृतीची खरोखरच गरज पडत असेल, तर मात्र कॅशेबाहेरची मंद स्मृतीही हार्ड डिस्कच्या वारंवार होणाऱ्या खडखडाटापेक्षा कितीतरी पटींनी बरी.

वारणेच्या बाबतीत कामाचे खरे स्वरूप पुढे उघड झाले. शेतकरी या प्रयोगातील गावच्या माहिती केंद्रात येई तो मुख्यत्वे कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी: ऊस किती टन गेला, बिल किती निघाले, तोडीचा परवाना आला काय. हा सगळा मजकूर १६० अक्षरांच्या एका लघुसंदेशात मावण्यासारखा होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलच्या संदेशांवर हा कारभार चालवून पाहिला; २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार संगणकावरील सारी कामे त्यावर पार पडली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही हीच पद्धत अधिक पसंत पडली.