सरड्याची धाव आणि बेटांचे कोडे

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कामरगावी महासागरातील बेटांची कथा सांगावी, हे प्रथमदर्शनी थोडे विचित्र वाटेल. पण ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे, त्यांना या कथेचे मर्म समजण्यास सायास पडू नयेत. प्राण्यांच्या नव्या जाती कशा निर्माण होतात, या प्रश्नाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. धाव कोठपर्यंत, आणि कुंपण कोणते?

१८३५ च्या सप्टेंबरात चार्ल्स डार्विन पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस बेटांवर उतरला. ही बेटे ज्वालामुखीतून वर आलेली. मुख्य भूमीशी ती कधीच जोडलेली नव्हती. तेथील मॉकिंगबर्ड नावाचे पक्षी बेटागणिक निराळे आहेत, हे त्याच्या लक्षात आले. फिंच पक्ष्यांचे महत्त्व मात्र १८३७ साली लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते नमुने तपासल्यावर कळले. चोची निरनिराळ्या असल्या, तरी ते सर्व एकाच कुळातले होते.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण एक मोठी अडचण राहिली. आईबापांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत असतील, तर एखादा नवा गुण चार पिढ्यांत फिका पडून नाहीसा व्हावयास हवा. मग तो टिकतो कसा? याचे उत्तर ग्रेगोर मेंडेलने १८६५ सालीच दिले होते: गुण मिसळत नाहीत, ते दाण्यासारखे अखंड राहतात. परंतु जगाला ते १९०० साली उमगले, तोपर्यंत डार्विनला जाऊन अठरा वर्षे झाली होती.

या दाण्यांना आपण जनुके म्हणतो. खळ्यावर नाना वाणांच्या ज्वारीची मिसळलेली रास पडली आहे, आणि तिच्यातून कोणी एक मूठ उचलून दूरच्या शेतात पेरली, अशी कल्पना करा. राशीतील प्रत्येक वाण त्या मुठीत त्याच प्रमाणात येणार नाही. काही मुळीच येणार नाहीत. वादळाने बेटावर जाऊन पडलेले चार पक्षी म्हणजे अशी मूठ होय. पुढे त्यांचा मूळ राशीशी संबंध तुटतो, अन्नपाणी निराळे मिळते, आणि हजारो पिढ्यांनी दोहोंची सोयरीक जुळेनाशी होते. अर्न्स्ट मायर याने १९४२ च्या ग्रंथात व पुढे १९५४ साली हा विचार नीट मांडला.

पण हे घडताना कोणी पाहिले आहे काय? होय. पीटर व रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर फिंच पक्ष्यांची मोजदाद करीत होते. १९७७ साली दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या. उरली ती आपल्याकडील सराट्याच्या कुळातली काटेरी फळे. ती फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी अधिक संख्येने जगले, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी निघाली. २०१५ साली १२० पक्ष्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तेव्हा चोचीच्या आकाराशी निगडित असे एक जनुक हाती लागले. मनुष्याच्या चेहऱ्याची घडणही त्याच जनुकावर अवलंबून असते!

आता घरी येऊ. बेटाला पाणीच हवे असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे खाली चहूकडे दऱ्या असल्यामुळे लहान जिवांना बेटांसारखेच असतात. गळ्याखाली पंख्यासारखी कातडी उलगडणारे सरडे दीर्घकाळ एकदोन जातींतच मोजले जात. २०१६ साली दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुके व शरीररचना ताडून पाहिली, तेव्हा पाच नव्या जाती निघाल्या. त्यांनी एका नव्या प्रजातीला नाव दिले ‘सरडा’! आपला मराठी शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात गेला. तिच्यातील निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याची एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरून वर्णिली गेली.

त्याच पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ एक चतुर्थांशच उरले. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले; पण ते अंगाने खालावले आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. वीज आपल्याला हवीच आहे. परंतु कोणते पठार वापरावे व कोणते राखावे, हे ठरविताना उघडा सडा म्हणजे पडीक जमीन, ही समजूत टाकली पाहिजे.

मुख्य भूमीवर एका रानातून हुसकलेला जीव दुसऱ्या रानात जाऊ शकतो. बेटावरच्या जिवाला ती सोय नसते. ज्या कुंपणाने त्याला निराळे रूप दिले, तेच संकटकाळी त्याची वाट अडविते. सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असते. म्हणून कुंपणाच्या आत काय करावे, याचा विचार ज्याची धाव दूरवर पोचते त्या माणसाने करावयाचा आहे.