प्रयोगशाळेतील यंत्रे विंडोजच का मागतात?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्याच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वर्णपटमापक, क्रोमॅटोग्राफ अशी उपकरणे असतात आणि त्यांच्याशेजारी संगणक असतो. तो बहुधा विंडोजवर चालतो. लिनक्स ही कार्यप्रणाली विनामूल्य मिळते, जगातले सर्वांत वेगवान महासंगणक तिच्यावर चालतात. मग प्रयोगशाळेत विंडोजच का? याचे उत्तर गुणवत्तेपेक्षा इतिहासात अधिक सापडते.

असाच इतिहास नेरूळ स्थानकातून जाणाऱ्या रेल्वेलाही आहे. मुंबईची पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावली. पुढे १९५०च्या दशकात भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज स्वीकारली. तरी १९९०च्या दशकात नेरूळला आलेला नवा मार्ग एकदिश विजेचाच राहिला. तो जुन्या मार्गाचाच विस्तार होता आणि त्यावर त्याच गाड्या धावायच्या होत्या. हार्बर मार्गावरचा हा बदल पुरा व्हायला २०१६ साल उजाडले.

आता प्रयोगशाळेकडे वळू. पूर्वी उपकरणाला जोडलेली लेखणी सरकत्या कागदावर आलेख काढी. आलेखातील शिखराचे क्षेत्रफळ काढण्यासाठी तेवढा कागद कापून तो तराजूत तोलण्याचीही रीत होती. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकात उपकरणे संगणकाला जोडण्याची एक पद्धत काढली आणि १९७५ साली ती आयईईई-४८८ या नावाने प्रमाणित झाली. तिला कोणताही संगणक चालत असे.

पारडे झुकले ते १९८१ नंतर. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीमध्ये जादा कार्डांसाठी खाचा होत्या आणि त्यांची रचना जाहीर होती. त्यामुळे कोणीही कार्ड बनवू लागले. पीसीवरील डॉस ही प्रणालीही साधी होती. प्रोग्रॅम कार्डाशी थेट बोलू शके. भारतात १९८४च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली आणि पीसी आपल्याकडेही पसरला. उपकरणे हाताळणारी लॅबव्ह्यू ही आज्ञावली १९८६ साली प्रथम मॅकिंटॉशवर आली होती. पण ग्राहक पीसीकडे होते, म्हणून १९९२ साली तीही विंडोजवर आली.

उपकरण आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा दुभाषा लागतो. तो प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा लिहावा लागतो आणि प्रणाली बदलली की सुधारावा लागतो. महागड्या उपकरणाच्या मोजक्याच प्रती खपत असतील, तर निर्माता एकाच प्रणालीवर खर्च करतो. ग्राहकही मग तीच प्रणाली घेतात आणि चक्र पक्के होते. औषध उद्योगात आणखी एक गाठ आहे. अमेरिकेच्या १९९७च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची विश्वासार्हता सिद्ध करावी लागते. प्रणाली बदलली की ही सिद्धता पुन्हा करावी लागते.

याची किंमत मात्र प्रयोगशाळा मोजते. चांगले उपकरण वीस वर्षेही टिकते. मायक्रोसॉफ्टने मात्र विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली, विंडोज ७ची २०२० साली आणि विंडोज १०ची ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. नव्या संगणकावर जुना ड्रायव्हर चालला नाही, तर धडधाकट यंत्रही अडगळीत जाते.

यावर उपाय आहेत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या ‘एक्सपआइज’ या उपकरणाची रचना आणि आज्ञावली दोन्ही खुल्या आहेत. ते लिनक्सवर चालते आणि विंडोजवरही. प्रत्येक उपकरणाच्या बाबतीत हे शक्य होणार नाही. पण खरेदीपूर्वी शिक्षकांनी विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत, असे आम्हांला वाटते. मोजमापे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मिळतील का? उपकरणाला द्यायच्या आज्ञांची यादी छापील मिळेल का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असली, तर संगणक बदलला तरी प्रयोग थांबणार नाही.