पंचगंगा नदी : प्रदूषण आणि लोकप्रयत्न

पंचगंगा ही कोल्हापूर जिल्ह्यातील कृष्णेची उपनदी. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पुढे कोल्हापूर, इचलकरंजी व शिरोळ तालुका ओलांडून ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते.

कोल्हापूरचे सांडपाणी जयंती व दुधाळी नाल्यांतून नदीकडे येते. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी काळ्या ओढ्यातून मिसळते. साखर कारखाने व आसवन्यांच्या मळीची भर निराळी. पावसाळ्यात हे सारे पुराबरोबर वाहून जाते, त्यामुळे नदीचे खरे रूप उन्हाळ्यात दिसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पाणी तुंबते. उसाला ते हवेच असते. पण थांबलेल्या पाण्यात मैला कुजतो, प्राणवायू घटतो आणि केंदाळ (जलपर्णी) माजते. साठलेली घाण पुढे सरकली की तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. त्यात हजारो लोक आजारी पडले, काही दगावले.

लोकप्रयत्नांचे दोन प्रवाह आहेत. कोल्हापुरात भर उत्सवावर: विसर्जित गणेशमूर्ती दान करणे, निर्माल्य नदीत न टाकता वेगळे गोळा करणे, मोठ्या मूर्ती नदीऐवजी शहरातील इराणी खाणीत सोडणे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी हा विचार रुजवला आणि शहराने तो मनापासून उचलला. मात्र निर्माल्य हा प्रदूषणाचा लहानसा भाग. नाले वर्षभर वाहतात. दुसरा प्रवाह शिरोळ तालुक्यातला, अधिक तिखट. वरच्यांची घाण ज्यांच्या वाट्याला येते, ते गावकरी व शेतकरी मेलेले मासे आणि काळे पाणी घेऊन अधिकाऱ्यांना जाब विचारतात. मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेमुळे सांडपाणी प्रक्रियेचा प्रश्न ऐरणीवर आला. कोल्हापूरच्या कसबा बावडा येथे आता दररोज 7.6 कोटी लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र आहे.

शहरांनी मात्र नदी सुधारण्याची वाट पाहिली नाही. इचलकरंजीने मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. कोल्हापूरला 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी मिळाले. इचलकरंजीसाठी सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी आणण्याच्या योजनेला कागल भागातील गावांनी कडाडून विरोध केला. ‘आधी पंचगंगा स्वच्छ करा’ हा त्यांचा मुद्दा.