सेंटर हाफ मागे सरला तेव्हा

३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडवला. या पराभवानंतर अनुभवी खेळाडू चार्ली बुकन यांनी व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्याकडे आपला आग्रह पुन्हा धरला : सेंटर हाफला मागे घ्या. फुटबॉलमधली ‘डब्ल्यू-एम’ रचना या आग्रहातून घडत गेली.

आग्रहाचे मूळ नियमबदलात होते. तोवर सगळीकडे दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी मांडणी असे. ऑफसाइड टाळायचा तर पास दिला जाताना चेंडूपुढे असलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण लागत. त्यामुळे एक बॅक पुढे सरकून सापळा लावी आणि दुसरा मागे राखणीला राही. गोल आटले, खेळ रटाळ झाला. १९२५च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन केले आणि चित्र पालटले. आता सापळा फसला, की फॉरवर्डची गाठ थेट गोलरक्षकाशीच. इंग्लिश लीगमधले गोल एका हंगामात ४,७०० वरून ६,३७३ वर गेले.

मग मधल्या फळीचा सूत्रधार असलेला सेंटर हाफ दोन बॅकच्या मधोमध येऊन उभा राहिला. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० असे हरवले. पण मधल्या फळीत खिंडार पडले होते. ते बुजवायला आधी एक आणि पुढे दोन्ही इनसाइड फॉरवर्ड, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या दोन बाजूंचे खेळाडू, खाली आले. पुढचे पाच ‘डब्ल्यू’सारखे, मागचे पाच ‘एम’सारखे.

बचावात प्रत्येकाचे गिऱ्हाईक ठरलेले. सेंटर हाफ सेंटर फॉरवर्डला चिकटे, बॅक विंगरना रोखत, दोन हाफ इनसाइड फॉरवर्डना. चेंडू डावीकडे गेला, की डावा बॅक त्यावर धावून जाई. उरलेले दोघे तिरके आत सरकून गोलचे तोंड झाकत. चेंडू जिंकला, की तो इनसाइड फॉरवर्ड ॲलेक्स जेम्सकडे जाई. प्रतिस्पर्धी पुढे आलेले, मागे मैदान मोकळे. जेम्सचा लांब पास विंगवर, आणि विंगर क्लिफ बॅस्टिन आत घुसून गोलवर फटका मारी. अशा खेळावर आर्सेनलने १९३०-३१ मध्ये १२७ गोल करून लीग जिंकली.

ताकद होती तिथेच दुबळेपणाही होता. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी मुद्दाम खाली खेळला. इंग्लंडच्या सेंटर हाफची पंचाईत झाली : त्याच्यामागे जावे तर गोलसमोर भगदाड, थांबावे तर हिदेगकुटीला रान मोकळे. हिदेगकुटीने तीन गोल केले, हंगेरी ६-३ ने जिंकली. पाच वर्षांनी ब्राझीलने चार बचावपटू घेऊन विश्वचषक जिंकला आणि डब्ल्यू-एमचे दिवस भरले.

तरी २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या आक्रमणात पुन्हा तीन मागे, दोन त्यांच्यापुढे, पाच आघाडीला असे चित्र उमटले. फरक एवढाच, की जॉन स्टोन्स हा बचावपटू आता मागून मधल्या फळीत चढत होता. चॅपमनना मागे एक माणूस कमी पडत होता, सिटीला मध्यात. कागदावरचे आकडे जुळले तरी दोघांची गरज उलटी होती. म्हणून कोणतीही रचना वाचताना आकड्यांआधी पाहावे, की कोणता खेळाडू आपली जागा सोडतो आणि कुणाची उणीव भरून काढतो.