एक इंचाचा शिपाई आणि चाळीस हजारांचा हिशेब

स्मरणिकेत इतिहासावर लेख म्हटला की वाचकांना किल्ले, सनावळ्या आणि तहाची कलमे आठवतात. मी मात्र आज तळहातावर मावणाऱ्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे. युरोप-अमेरिकेत अनेक प्रौढ माणसे, चांगली शिकली-सवरलेली, एक इंच उंचीचे शिपाई रंगवतात, टेबलावर डोंगर-नद्या मांडतात आणि फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढतात. या छंदाला वॉरगेमिंग म्हणतात. त्यातही एक पंथ असा आहे, की जो बाजारात मिळालेला शिपाई जसाच्या तसा वापरत नाही. त्याचे डोके काढून दुसरे बसवतो, बंदूक काढून भाला देतो. याला कन्व्हर्जन म्हणतात. आणि मनासारखा शिपाई बाजारात मिळतच नसेल, तर तार आणि लुकण घेऊन तो मुळापासून स्वतः घडवतो. ते झाले स्क्रॅच-बिल्डिंग.

"म्हातारपणी हा काय पोरखेळ!" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण याच पोरखेळापायी एक माणूस जन्मभर कर्जात राहिला, आणि जगातल्या एका मोठ्या लढाईतून चाळीस हजार सैनिक वजा झाले. त्या हिशेबाबद्दलच मला सांगायचे आहे. पण आधी हे शिपाई टेबलावर आले कुठून ते पाहू.

बुद्धिबळापासून सुरुवात

याचे मूळ शोधत गेलो तर आपण आपल्याच घरी येतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचे चतुरंग भारतातून इराणमार्गे युरोपात गेले आणि तिथे त्याचे बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीतल्या ब्रुन्स्विकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने बुद्धिबळाचा पट मोठा केला, चौकटींना डोंगर, पाणी, दलदल असे रंग दिले आणि युद्धाचा खेळ तयार केला. पुढे १८१२ मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झ यांनी चौकटीच काढून टाकल्या आणि राजासाठी उंचसखल जमिनीचे एक टेबलच बनवले. त्यांच्या मुलाने, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये खरे लष्करी नकाशे, फासे आणि मधे एक पंच अशी पद्धत बसवली. प्रशियाच्या सेनाप्रमुखांना ती इतकी पटली की सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ती सुरू झाली.

या खेळात शिपाई मात्र नव्हते. पलटण म्हणजे एक छोटा आयताकृती ठोकळा. अधिकाऱ्याला तेवढे पुरते. चेहरा, टोपी, पट्टा यांची गरज त्याला नव्हती.

शिसे, प्लॅस्टिक आणि टाचणी

चेहऱ्याचे शिपाई आले खेळण्यांच्या दुकानातून. जर्मनीत न्यूरेंबर्गला अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिपाई काढला. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, कडेचा थर थिजला की आतले पातळ शिसे बाहेर काढून घ्यायचे. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी! त्या शिपायाची मान मोडली की इंग्रज पोरे आत आगकाडी खुपसून डोके परत बसवत. दुरुस्ती करता करता कोणीतरी दुसऱ्याच शिपायाचे डोके बसवले असणार. कन्व्हर्जनचा जन्म साधारण असाच झाला, असे मला वाटते.

प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि या शिपायांच्या लढाईला नियम दिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे उडवायचे, पडेल तो शिपाई मेला. वेल्स यांचे म्हणणे असे, की मोठ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध शंभरपट बरे. दुर्दैव बघा, पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

छंद खऱ्या अर्थाने पसरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक १९६२ मध्ये आले. साधारण त्याच सुमारास एअरफिक्स कंपनीने मऊ प्लॅस्टिकचे इंचभर उंचीचे शिपाई डबीत भरून विकायला सुरुवात केली. एका डबीत चाळीसच्या वर शिपाई, आणि किंमत पोरांच्या खाऊच्या पैशांत बसणारी. अडचण एकच. कंपनी जे काढेल तेच मिळणार. अमेरिकन यादवी युद्धाचे शिपाई मिळत, पण १८७० च्या युद्धातले फ्रेंच हवे असतील तर काय? मग लोकांच्या लक्षात आले, की दोघांची टोपी एकाच घाटाची आहे. अंगावर लांब कोट चढवला की काम झाले.

कोट चढवायचा कसा, यातच सगळी गंमत आहे. धारदार पात्याने डोके अलगद कापायचे. टाचणी तापवून मानेत रोवायची आणि नवे डोके तिच्यावर बसवायचे. कोटासाठी लुकण. आपल्या घरी नळाची गळती थांबवायला एम-सीलचे दोन गोळे मळतो ना, तसेच तिकडे निळी आणि पिवळी पट्टी मळून हिरवे लुकण करतात. ते ओले असताना सुईने घड्या पाडायच्या. पट्ट्यासाठी टूथपेस्टच्या जुन्या धातूच्या ट्यूबची कात्रण, लगामासाठी फ्यूज वायर, भाल्यासाठी टाचणी. मऊ प्लॅस्टिकवर रंग धरत नसे, पोपडे निघत. म्हणून शिपायांना आधी साबणाने आंघोळ घालायची, मग पांढऱ्या डिंकाचा हात द्यायचा आणि त्यानंतर रंग.

आता खरा मुद्दा. असा शिपाई करायला बसलेल्या माणसाला असे प्रश्न पडतात, जे नुसते पुस्तक वाचणाऱ्याला पडत नाहीत. "ब्रिटिश पायदळ पुढे सरकले," हे वाक्य वाचून आपण पुढच्या पानावर जातो. पण करणाऱ्याला टोपी करावी लागते. वॉटर्लूच्या काळातली टोपी पुढून उंच, तर त्याआधीच्या स्पेनमधल्या मोहिमेतली साध्या नळकांड्यासारखी. काडतुसांची पेटी कुठल्या बाजूला लटकते? कोट किती विटलेला होता? हातात कानस घेतली की मोघम बोलून चालत नाही. बँकेत ट्रायल बॅलन्स टॅली करताना जसे "साधारण जुळते आहे" म्हणता येत नसे, तसेच हे.

सायबॉर्नचे वॉटर्लू

या काटेकोरपणाची सगळ्यात मोठी कसोटी लागली ती खेळात नव्हे, तर खेळाच्या एका थोरल्या भावंडात. त्यासाठी जरा मागे, १८३० सालात जावे लागेल. ब्रिटिश सैन्याने लेफ्टनंट विल्यम सायबॉर्न यांना वॉटर्लूच्या लढाईचे मॉडेल करायला सांगितले. ही लढाई १८ जून १८१५ ची. नेपोलियन एकीकडे, समोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे सैन्य आणि दुपारनंतर त्याच्या मदतीला आलेले ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य.

सायबॉर्न हा माणूस आपल्या हिशेबी मंडळींना आवडेल असा. तो रणभूमीवरच्या ला हे सेंत या शेतघरात आठ महिने जाऊन राहिला आणि त्याने सगळ्या जमिनीची मोजणी केली. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. संध्याकाळी सात वाजता तुमची पलटण नेमकी कुठे होती? कुठल्या रचनेत होती? समोर शत्रू कोण होता? आणि शेतात पीक कोणते उभे होते? शेकडो उत्तरे आली. एका लढाईबद्दल इतक्या साक्षी अशा तऱ्हेने गोळा करण्याचे काम तोवर फारसे कोणी केले नव्हते.

१८३३ मध्ये सरकारने पैसे थांबवले. सायबॉर्न थांबला नाही. त्याने कर्ज काढले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मॉडेल लोकांसमोर आले. एका मैलाला नऊ फूट हे प्रमाण, आकार जवळपास ४०० चौरस फूट. म्हणजे आपल्याकडचा एक छोटा फ्लॅटच म्हणा ना! त्यावर एक सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे हजारो शिपाई. सुमारे एक लाख लोकांनी तिकीट काढून ते पाहिले, तरीही सायबॉर्नचे कर्ज फिटले नाही.

पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. साक्षी जुळवल्यावर असे दिसू लागले, की संध्याकाळी सात वाजता प्लान्सन्वा गावाच्या बाजूला प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने झुंजत होते. म्हणजे निर्णायक क्षणी विजय एकट्या इंग्रजांचा नव्हता. वेलिंग्टन तेव्हा हयात होता. देशाचा पंतप्रधान होऊन गेलेला, अत्यंत वजनदार माणूस. त्याच्या गोटाला ही मांडणी पसंत नव्हती. शेवटी सायबॉर्नने मांडणी बदलली. सुमारे ४०,००० प्रशियन सैनिक त्या मॉडेलवरून कमी झाले. यात दबाव किती आणि सायबॉर्नचे स्वतःचे मतपरिवर्तन किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. एंट्री रिव्हर्स झाली, एवढे मात्र खरे.

पुस्तकातले वाक्य बदलले तर निदान दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडून बघता येतात. मॉडेलमधून उचललेला शिपाई मागे काही ठेवत नाही. तिथे हिरवे शेत दिसते, आणि बघणाऱ्याला वाटते इथे कोणी नव्हतेच. सायबॉर्न १८४९ मध्ये वारला. त्याने जपून ठेवलेल्या पत्रांतली निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ मध्ये छापली. व्हाउचर शिल्लक होते म्हणून खाते पुन्हा तपासता आले, असे आम्ही बँकवाले म्हणू.

असई टेबलावर मांडायची तर

हाच वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षे आपल्याकडे होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, मेजर जनरल आर्थर वेलस्ली या नावाने, त्याने जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई इथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई केली. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधली ही जागा. केळणेला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले होते. वेलस्लीने दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहिली आणि ओळखले, की एवढ्या जवळ गावे आहेत तर लोक नदी ओलांडत असणारच. उतार निघाला. म्हातारपणी त्याला विचारले, की लढाईतली तुमची सर्वात चांगली कामगिरी कोणती, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले असे सांगतात.

समजा ही लढाई टेबलावर मांडायची आहे. बाजारातला ढाल-तलवारीचा मावळा इथे चालणार नाही. तो काळ दीडशे वर्षे मागचा. शिंद्यांच्या कवायती पलटणी महादजींच्या काळात द बॉयन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याने युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या. त्यांच्या हाती बंदूक आणि संगीन. असईला त्यांचे नेतृत्व पोलमान नावाचा हानोव्हरचा माणूस करत होता. म्हणजे संगीन लावलेले, रांगेत उभे राहणारे मराठी फौजेचे शिपाई करावे लागतील.

मग इंग्रजांची बाजू. रंगाची डबी उघडली की पुन्हा थांबावे लागते. कारण वेलस्लीच्या पायदळात दोन स्कॉटिश पलटणी होत्या खऱ्या, पण बाकीचे पायदळ मद्रासचे देशी शिपाई. लाल कोटाच्या वर चेहरे सावळेच रंगवावे लागतात. शिवाय वसईच्या तहामुळे पेशव्यांचे स्वार त्या दिवशी वेलस्लीकडे होते, म्हैसूरचेही होते. मराठा स्वार टेबलाच्या दोन्ही बाजूंना मांडल्याशिवाय मांडणी पुरी होत नाही. शाळेत आपण "इंग्रज विरुद्ध मराठे" असे एका ओळीत शिकलो. शिपाई मोजायला बसलो की ती ओळ पुरत नाही.

आणि गोलंदाज. शिंद्यांच्या तोफखान्याने असईला इतके नुकसान केले की वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा जमिनीवर मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले, तोफा उलट फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. त्या तोफा परत घ्यायला पुन्हा हल्ला करावा लागला. लढाई शिंदे हरले, ९८ तोफा गेल्या. पण त्या गोलंदाजांची नावे आपल्याला पाठ नाहीत. उठून तोफ वळवणारा गोलंदाज तार आणि लुकण घेऊन करायला एक-दोन संध्याकाळी लागतील. तो केला नाही, तर असईच्या टेबलावर तेवढीच जागा रिकामी राहील आणि कोणाला कळणारही नाही.

आपल्या सोसायटीतली मुले दिवाळीत किल्ला करतात, त्यावर चित्रं मांडतात. त्यांना एक सुचवावेसे वाटते. या वर्षी निदान एक चित्र विकत आणू नका, स्वतः करा. शाडू, आगकाडी, जुनी टाचणी, काहीही चालेल. मात्र करण्याआधी हा कोण, कुठल्या वर्षीचा आणि याच्या हातात काय होते, हे शोधा. अडेल तिथे आम्ही ज्येष्ठ नागरिक दुपारी मोकळेच असतो.

आणि मुलाबाळांकडे लंडनला जाणाऱ्या मंडळींसाठी: सायबॉर्नचे मोठे मॉडेल आज चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, प्रवेश फुकट आहे. लीड्सला त्याने केलेले दुसरे मॉडेलही पाहता येईल. चेल्सीला गेलात तर मधली गर्दी पाहून झाल्यावर प्लान्सन्वा गावाच्या बाजूला जरा वेळ उभे राहा आणि तिथली शेते बघा.