प्रकाशग्राही संकुले, जांभळ्या जीवाणूंतील

प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जांभळ्या जीवाणूंच्या अंतःपटलांत प्रकाश शोषून त्याची ऊर्जा विक्रियाकेंद्राच्या हवाली करणाऱ्या, प्रथिने व रंगद्रव्ये मिळून झालेल्या रचना. वरच्या थरांतील वनस्पती व शैवले यांनी दृश्य प्रकाश बहुतांशी घेतल्यावर जे शिल्लक उरते, विशेषतः अवरक्त किरण, त्यावर या जीवांची गुजराण असल्यामुळे शोषक रंगद्रव्यांचा मोठा फौजफाटा त्यांना बाळगावा लागतो.

यांपैकी एलएच-२ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिघस्थ संकुलाची घडण ग्लासगो येथील रिचर्ड कॉगडेल, नील आयझॅक्स प्रभृती संशोधकांनी रोडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला या जीवाणूवरून, क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने, १९९५ साली उजेडात आणली. आल्फा व बीटा या आखूड प्रथिनांच्या नऊ जोड्या वर्तुळाकार उभ्या असून आल्फांची भिंत आत, बीटांची बाहेर, आणि एकंदर २७ जीवाणुहरितद्रव्य-रेणू त्यांच्या आधाराने बसविलेले, अशी ही तजवीज आहे. त्यांतील १८ रेणू पटलाला लंब असे, एकमेकांपासून सुमारे ९ अँगस्ट्रॉमवर दाटीने उभे राहून ८५० नॅनोमीटरचा प्रकाश घेतात; उरलेले ९ पटलाला जवळजवळ समांतर, परस्परांपासून २१ अँगस्ट्रॉमवर विरळ पसरून ८०० नॅनोमीटरचा. रेणू तोच, आणि द्रावणात सुटा असता तो ७७० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करतो. तेव्हा हा भेद सर्वस्वी शेजाराचा व मांडणीचा आहे, आणि या संकुलाचे खरे मर्म माझ्या मते इथेच आहे. सोबतची कॅरोटिनॉइडे निळा-हिरवा प्रकाश घेतात व अतिरिक्त उजेडात घातक ऑक्सिजन उत्पन्न होऊ देत नाहीत.

नऊ या संख्येत काही गूढ शोधण्याचा मोह कोणास झालाच, तर रोडोस्पिरिलम मोलिशियानम या जीवाणूत जोड्या आठच असल्याचे १९९६ साली आढळले, हे ध्यानात ठेवावे.

विक्रियाकेंद्राला वेढणारे एलएच-१ संकुल ८७५ नॅनोमीटरच्या सुमारास शोषण करते. ऊर्जा ८०० वरून ८५० कडे सुमारे एका पिकोसेकंदात, तेथून ८७५ कडे काही पिकोसेकंदांत उतरते. केंद्रात शिरण्याचा शेवटचा टप्पा मात्र काही दशक पिकोसेकंद घेतो, कारण वलयातील रंगद्रव्ये केंद्रापासून बरीच दूर राखलेली असतात. वलय पूर्ण बंद असेल तर इलेक्ट्रॉनवाहक क्विनोन बाहेर पडणार कुठून, हा प्रश्न पुष्कळ काळ भेडसावत होता. रोडोस्यूडोमोनास पॅलस्ट्रिसमध्ये १५ जोड्यांच्या शेजारी एक निराळे प्रथिन येऊन वाट मोकळी राहिल्याचे २००३ साली दिसले, तर थर्मोक्रोमॅटियम टेपिडमच्या १६ जोड्यांच्या अखंड वलयात, २०१४ च्या शोधानुसार, जोड्यांमधील अरुंद मार्गच या कामी येत असावेत. याच उष्णताप्रिय जीवाणूचे वलय कॅल्शियमच्या बंधनामुळे ९१५ नॅनोमीटरपर्यंत शोषण करते, आणि कॅल्शियम काढून घेताच ते ८८० च्या आसपास मागे येते.