मिरी तिकडे, मिरची इकडे

अलीकडे दुकानांत मिरची घातलेलं चॉकलेट मिळतं. तरुण मुलं मोठ्या अपूर्वाईनं ते विकत घेतात आणि जाणती मंडळी नाक मुरडतात. गोडात तिखट कशाला कालवायचं, असा त्यांचा सवाल असतो. मला या सवालाची गंमत वाटते. कारण इतिहासात डोकावलं तर दिसतं, की चॉकलेटमध्ये मिरची ही नवलाई नाहीच. नवलाई आहे ती साखरेची.

ग्वाटेमाला देशात रिओ अझुल इथं १९८४ साली एका थडग्यात झाकणाचं एक भांडं सापडलं. ते साधारण पाचव्या शतकातलं. त्यावर माया लिपीत ‘काकाव’ असं लिहिलेलं होतं आणि आतल्या खरवडीत कोकोचे अंश मिळाले. चॉकलेट तेव्हा खात नसत, पीत असत. कोकोच्या बिया भाजायच्या, दगडावर वाटायच्या, पाण्यात कालवायच्या आणि उंचावरून धार सोडून फेस काढायचा. मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक लोक त्यात मिरची, व्हॅनिला, सुगंधी फुलं आणि मध घालत. साहागून नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकात हे सारं तिथल्या लोकांना विचारून लिहून ठेवलं आहे.

१५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी पाडली. सुरुवातीला या नव्या धन्यांना ते फेसाळ पेय मुळीच रुचलं नाही. बेंझोनी नावाच्या इटालियन प्रवाशानं १५६५ च्या आपल्या पुस्तकात ते माणसांपेक्षा डुकरांना शोभणारं पेय ठरवलं. पण वाइन मिळेना, तेव्हा त्यानंही तेच तोंडाला लावलं! हळूहळू स्पॅनिश लोकांना त्याची गोडी लागली आणि त्यांनी आपल्या ओळखीचे मसाले त्यात घालायला सुरुवात केली. तिथली फुलं सहज मिळत नव्हती, तिथे लंकेची दालचिनी आली. मिरचीच्या जागी कुणी मलबारची काळी मिरी घालू लागलं. कोल्मेनेरो या स्पॅनिश वैद्यानं १६३१ मध्ये माद्रिदला चॉकलेटवर एक पुस्तिका छापली. तिच्यातल्या कृतीत कोकोच्या १०० बियांना दोन मिरच्या, मूठभर बडीशेपेसारखं बी, व्हॅनिला, दालचिनी, १२ बदाम आणि अर्धा पौंड साखर आहे. या साखरेचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि स्पेनमध्ये ‘आसुकार’ होऊन त्या पेल्यात उतरली.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराचं ‘मोले’ हे कालवण आजही याची साक्ष देतं. मोले हा तिथल्या नावाट्ल भाषेतला जुना शब्द आहे. मिरच्यांच्या त्या दाट रश्शात चॉकलेट असतं, तीळ असतात आणि लवंग, दालचिनी, मिरीही असते. दोन जगांचा मसाला एका पातेल्यात शिजतो.

आता आपल्याकडे वळू. मलबारची मिरी त्या पेल्यात जाऊ लागली, त्याच सोळाव्या शतकात मेक्सिकोची मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. नव्या पाहुणीला नाव काय द्यायचं? मराठीनं तिला मिरीच्या नात्यातलीच मानलं आणि मिरची म्हटलं. नवल असं, की स्पॅनिश लोकांनीही हेच केलं होतं. त्यांच्याकडे मिरी म्हणजे ‘पिमिएन्ता’. तिच्यावरून त्यांनी मिरचीला ‘पिमिएन्तो’ म्हटलं. एकमेकांशी बोलणंही न झालेल्या दोन भाषांनी अनोळखी वस्तूला घरातलंच नाव देऊन पंगतीला बसवलं.

माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. त्यामुळे मूळचं कोणतं आणि बाहेरचं कोणतं, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. अशा वेळी मी ठेच्याकडे बोट दाखवतो. ठेच्याइतकं अस्सल मराठी दुसरं काय असणार? पण त्यातली मिरची अमेरिकेची आणि शेंगदाणाही अमेरिकेचाच. सहाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कुणाच्याही भाकरीवर तो नव्हता.

मात्र ही सगळी कथा पाहुणचाराची नाही. ज्यांनी जगाला कोको दिला, ती मेक्सिकोतली माणसं विजेत्यांबरोबर आलेल्या देवीसारख्या साथींनी लाखोंनी मेली. पुढे मळ्यांत राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. चॉकलेटची सखी असलेल्या व्हॅनिलाचीच गोष्ट घ्या. मेक्सिकोबाहेर तिचे वेल वाढत, पण शेंगा फारशा धरत नसत. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठ्याच्या साहाय्यानं फुलात परागीकरण करून दाखवलं. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्या युक्तीवर मळेवाले श्रीमंत झाले आणि तो १८८० मध्ये दारिद्र्यात मेला. आजही व्हॅनिलाची बहुतेक फुलं त्याच पद्धतीनं हातानं फळवतात.

त्याच शतकात यंत्रं आली. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतलं तूप दाबून वेगळं काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीनं चॉकलेटची वडी पाडली आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी तीत दूध मिसळलं. दूध-साखरेच्या या लाटेत मसाले बाजूला पडले. आपण चॉकलेट म्हणून ओळखतो ते हे असं दीडशे वर्षांचं आहे. मिरचीचं चॉकलेट त्याहून कितीतरी शतकं जुनं.

केरळात इडुक्कीच्या डोंगरात आज कोकोही पिकतो आणि मिरीही. इथून गेलेली मिरी आणि तिकडून आलेला कोको एकाच शेतकऱ्याच्या अंगणात शेजारी शेजारी वाळत पडलेले असतात. त्यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे त्याला कुणी विचारत नाही. दोन्हींना भाव बरा मिळावा, एवढीच त्याची चिंता असते.